तड्याच्या रकान्यातल्या रेघा

पहिल्याच दिवशी त्यानं माझ्या टेबलावरचा कप उचलून त्यात चहा ओतला, आणि निम्मा चहा त्याच्या शर्टावर गळला.

"बाद कप होता तो," मी म्हटलं. "विचारून घ्यायचा ना."

"दिसायला तर चांगला होता."

"दिसण्यावर जाऊ नका. इथं ऐकावं लागतं."

मी दुसरा कप उचलून नखानं टिचकी मारली. चांगला कप खणखणीत वाजतो, आतून तडा गेलेला बद्द. शर्टाचं भान सोडून तो डोळे मिटून ऐकत राहिला... मला तो तेव्हाच आवडला असणार. पण ते वयच असं होतं की स्वतःशीही कबूल करायची चोरी.

या गोष्टीला आता चोवीस वर्षं झाली. कपबशांच्या कारखान्यात मी तपासणीला होते. शंभरात अकरा कप बाद निघायचे, म्हणून मालकांनी या माणसाला बाहेरून बोलावलं होतं. बाद कप तिनाच्या खाली आले की त्याचं काम संपणार आणि तो दुसऱ्या कारखान्यात जाणार, असं ठरलेलं. आम्ही बायकांनी त्याचं नाव ठेवलं 'टक्के', कारण तो साडेचारला कधी पाच म्हणत नसे.

त्यानं मला एक तक्ता आखून दिला. तडा, टवका, डाग, वाकडा कान... प्रत्येकाला एक रकाना आणि पुढे वेळ. कप बाद केला की रेघ मारायची.

"बाद तो बाद. लिहून काय होणार?" मी विचारलं.

"रेघा बोलतात."

"आमच्या घरी मामी बोलते तेवढं पुरे आहे."

तो हसला. पण रेघा खरंच बोलल्या. वाकड्या कानाचे कप बहुतेक सकाळच्याच कामातले निघाले. दोन दिवस उभं राहून त्यानं शोधून काढलं, की मागच्या दारातून येणाऱ्या वाऱ्यानं ओले कप एका बाजूनं आधी वाळतात. दार बंद केलं. अकराचे सहा झाले, आणि कुणाला एक शब्द ऐकावा लागला नाही.

रोज अकरा वाजता तो तक्ता न्यायला यायचा. दोन मिनिटांच्या कामाला त्याला पंधरा लागायची.

"तुमच्या पापण्यांवर माती बसलीय," एकदा तो म्हणाला.

"मग? लिहू का डागाच्या रकान्यात?"

"नको—" तो तक्त्यात बघत म्हणाला, "तो दोष नाही."

बाद कप चारावर आले. आकडा आणखी थोडा उतरला की हा चालला! मग मी ते करून बसले. चांगले कप बाद करायला लागले. रेघा तड्याच्या रकान्यात मारायच्या, कारण माझ्या मते तडा जातो मातीमुळे, आणि मातीला कोण नोटीस देणार? तीन आठवडे आकडा पाचावर अडला. तो डोकं खाजवायचा आणि माझ्या मनात चांदणं.

पण मॅनेजर वेगळंच म्हणाले. तडे जातात म्हणजे भट्टी घाईनं उघडली जाते. भट्टीवर माझा मामा होता. आईवडिलांमागे त्यानंच मला वाढवलेलं. सोमवारपासून त्याला भट्टीवरून काढून गोण्या उचलायला लावायचं ठरलं. मामा त्या संध्याकाळी ताटावरून उठला. "माझाच हात चुकत असेल, बाळ," म्हणाला. "वय झालं."

मी त्याचं ताट झाकून ठेवलं.

शनिवारी टक्के तक्ता न्यायला आला, तेव्हा मी तो त्याच्यासमोर ठेवला. "यातल्या निम्म्या रेघा खोट्या आहेत. मामाचा काही दोष नाही."

"का मारल्या?"

"आकडा उतरला की तुम्ही जाल, म्हणून."

त्याचे कान लाल झाले. मग म्हणाला, "नुसत्या तुमच्या शब्दावर मामा सुटणार नाहीत. कप दाखवावे लागतील."

मागच्या अंगणात बाद कपांची खोकी रचून ठेवलेली होती. पहिलं खोकं उघडून आम्ही टिचक्या मारत बसलो. एकेक कप खणखणीत वाजायचा. मामा सुटत होता आणि मी अडकत होते. चाळीसातले एकोणीस चांगले निघाले.

तो खोकं घेऊन मॅनेजरांकडे गेला, मागोमाग मी. मी सगळं सांगितलं. फक्त 'का' ते सांगितलं नाही, आणि त्यानंही नाही. मामाची भट्टी राहिली. माझी रवानगी पॅकिंगला झाली, वर लेखी ताकीद. ती मला मिळायलाच हवी होती.

"खोट्या रेघा काढून टाकल्या तर आकडा किती?" मॅनेजरांनी विचारलं.

"तिनाच्या खाली. दोन पूर्णांक सहा."

"म्हणजे तुमचं काम झालं. बाकीची खोकी तपासायला किती वेळ?"

खोकी सहाच उरली होती. साडेचारला पाच न म्हणणारा तो माणूस भिंतीकडे बघत म्हणाला, "आठ दिवस."

बाहेर आल्यावर मी त्याला गाठलं. "अहो, एका दुपारचं काम आहे ते."

"माहीत आहे." तो थांबला. "बाकीचे दिवस मला मामांना भेटायला हवेत... एका भेटीत हो म्हणतील असं वाटत नाही. घरी किती वाजता असतात?"