आधी पोचलेला उजेड

दार उघडलं, वारा आत आला आणि माझा पापुद्रा पाण्यावरच फाटला.

"माफ करा… इथे कुणाला निळा चष्मा सापडलाय का?" दारातल्या उंच माणसाने विचारलं.

"तो तुमच्या डोक्यावर आहे. आणि माझं तीन दिवसांचं काम या ताटलीत बुडालं."

त्याने वाकून पाहिलं. ताटलीत दिसण्यासारखं काही नव्हतंच. कार्बनचा तो पापुद्रा केसाहून हजारो पट पातळ. तो पाण्यावर तरंगवायचा, भोक असलेल्या चौकटीवर अलगद उचलायचा. मग पलीकडच्या हॉलमध्ये हा माणूस त्यावर लेझरचा एक झटका मारणार, पापुद्र्याची वाफ होणार आणि त्यातून आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, सुसाट सुटणार. थोडक्यात, मी जिवापाड जपायचं आणि यांनी उडवायचं.

पुढे चौकटी न्यायला तो स्वतःच यायला लागला. दारावर हळूच टकटक करून.

"आज किती उडवणार?"

"आठ. तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना. म्हणून तर कॉफी तुम्ही पाजायची."

तो मला आवडायला लागला होता. हे मी ताईलाही सांगितलं नव्हतं, आणि ताईपासून मी काही लपवत नाही.

मग पापुद्र्यांतून सुटणारे कण मंदावले. सोमवारच्या बैठकीत प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांनी सगळं खापर माझ्या पापुद्र्यांवर फोडलं. शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही, तर पापुद्रे बाहेरून मागवायचे आणि माझी खोली बंद. आमचे हे लेझरवाले महाशय शेजारीच बसले होते, मूग गिळून. त्यानंतरच्या टकटकीला मी दार उघडलं नाही.

शुक्रवारी त्याने पडद्यावर एक आलेख लावला.

"मुख्य झटक्याच्या आधी थोडा अंधुक उजेड पोचतोय. पापुद्रा त्यानेच फुटतो, झटक्यासाठी काही उरतच नाही. पापुद्रे चांगले आहेत. दोष लेझरचा आहे, म्हणजे माझा."

"दुरुस्तीला वर्ष जाईल," सर म्हणाले. "तुझ्या प्रबंधाचं काय?"

"लांबेल, सर."

माझी खोली राहिली. बाहेर मी त्याला गाठलं.

"सोमवारी गप्प का बसलात?"

"तेव्हा नुसता संशय होता. चार दिवस मोजत होतो."

"आणि माझ्यासाठी स्वतःचं वर्ष घालवलंत."

"तुमच्यासाठी नाही हो… तसं निघालं म्हणून. दोष पापुद्र्यांचा निघाला असता, तर तेही सांगितलं असतं."

मला राग यायला हवा होता. पण हा माणूस यापुढे जे सांगेल ते मी खरं मानणार, हे मला तिथेच कळलं, आणि फार बरं वाटलं.

"मग राहिलेलं पण सांगून टाका," मी म्हणाले.

"राहिलेलं… काय?"

"आठ चौकटींसाठी दिवसातून चार फेऱ्या कोण घालतं?"

तो कानापर्यंत लाल झाला.

"तुम्ही मला आवडता. खूप. हे मात्र मोजलेलं नाही."

"मोजा की," मी त्याचा हात धरला. "वर्ष आहे आपल्याकडे."