येते म्हणा

“देवा रे, केवढी ही चढण!”

मोर्देखाय स्वतःशीच पुटपुटला, आणि मागून कुणीतरी खुदकन हसलं.

“कोकणातले का हो तुम्ही?”

तो वळला. झऱ्याच्या कट्ट्यावर एक बाई बसली होती. पन्नाशीच्या आसपासची. डोक्याला निळा रुमाल, रुमालावर पावसाचे बारीक थेंब. सकाळी बीरशेबाहून दोघं एकाच बसने निघाले होते. कारखान्यातल्या कामगारांची सहल होती, जेरुसलेमच्या कडेचं एन केरेम हे डोंगरावरचं गाव बघायला. ती पुढे बसली होती, तो अगदी मागे.

“हो. मी मोर्देखाय. आजोळ रेवदंड्याचं. आता डिमोना.”

“मी हिल्डा. येरुहामची. तुम्हाला काय म्हणू… मोर्देखायभाऊ?”

“भाऊ… नको.”

बोलून तोच लाजला.

“बरं, नाही म्हणत,” ती म्हणाली आणि डबा पुढे केला. “मलिदा घ्या. वेलची जरा जास्त पडलीय.”

“नाही… बरोबर आहे.” तीन वर्षांत घरचा मलिदा त्याने खाल्ला नव्हता.

हिल्डा वर बघत होती. दगडी पायऱ्या बदामाच्या फुललेल्या झाडांमधून वर चढत येशूच्या आईच्या, मारियाच्या देवळापर्यंत जात होत्या.

“माझगावच्या शाळेत सिस्टर सांगायच्या, पोटुशी मारिया डोंगर चढून आपल्या नात्यातल्या म्हाताऱ्या बाईला भेटायला गेली. तेव्हाच म्हटलं होतं, ती चढण बघायचीच.”

“पायऱ्या फार आहेत. तुम्हाला धाप लागते. मघाशी दिसलं मला.”

“बघत होतात वाटतं?”

तो गुडघा चोळू लागला.

“तुमचा गुडघा दुखतोय. बसा इथे, डबा सांभाळा. मी वर जाते.”

त्याने हात पुढे केला. “अहो, असं…” पण ती निघालीसुद्धा.

इतकी वर्षं इथे इस्राएलात काढलेल्या मराठी ज्यूंचं असंच व्हायचं. हिब्रूत निघताना ‘जाते’ म्हणायचं, मग मराठीतही तेच. जेरुशा, त्याची बायको, तीन वर्षांपूर्वी हृदयाच्या ऑपरेशनला नेताना स्ट्रेचरवरून म्हणाली होती, “जाते हं.” ‘अगं, येते म्हण,’ हे त्याच्या ओठांवर आलं, तेवढ्यात दार बंद झालं. ती परत आली नाही. शब्दाने काही होत नाही, हे त्यालाही कळत होतं. पण…

आणि ही तर ‘वर जाते’ म्हणाली!

बस चारला सुटणार होती. साडेतीन वाजले. पावणेचार झाले. सहलीतले सगळे उतरले, हिल्डा नाही. तो येणाऱ्या प्रत्येक छत्रीखाली वाकून बघत होता. दोन परदेशी बायका खाली आल्या. त्यातली एक वर बोट दाखवून काहीतरी बोलली आणि तिने छातीवर हात ठेवला. भाषा त्याला कळली नाही. हात मात्र दिसला.

तो उठला. गुडघा ठणकत होता. कठडा धरून तो चढत राहिला — पायऱ्या ओल्या, डबा काखेत. मध्ये थांबावंसं वाटलं तेव्हाही थांबला नाही.

देवळाच्या दारात रखवालदाराने हात आडवा केला. “टोपी काढा.”

मोर्देखाय गोंधळला. ज्यूंच्या रीतीप्रमाणे जन्मभर देवाच्या दारात तो टोपी घालत आला होता. काढायची? तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्याने टोपी ओढून काढली आणि आत शिरला.

हिल्डा शेवटच्या बाकावर बसली होती. एक बूट काढून पाय चोळत होती.

“अहो! तुम्ही कसे आलात? आणि टोपी?”

“हातात.” त्याला धाप लागली होती. “येते म्हणा.”

“काय?”

“जाते नाही. येते म्हणा. माझी बायको जाते म्हणून गेली. मला… पुन्हा ऐकवत नाही ते.”

हिल्डाने बूट घातला. बराच वेळ बंद बांधत राहिली.

“मग बरोबरच उतरू,” ती हळूच म्हणाली. “म्हणजे कुणालाच काही म्हणायला नको.”

उतरताना तिने त्याचा दंड धरला. गुडघ्यासाठी, असं तीच म्हणाली. बस त्यांच्यासाठी थांबली होती. ड्रायव्हर चिडला होता, पण दोघांनाही ते ऐकू आलं नाही. परतताना ती मागच्या बाकावर बसली.

बीरशेबाला येरुहामची बस उभीच होती. हिल्डा पायरीवर चढली आणि वळली.

“बरं, मी जा—”

मोर्देखायने डबा घट्ट धरला. तिने जीभ चावली.

“…येते.”

“केव्हा?” त्याच्या तोंडून निघून गेलं.

“शनिवारी शब्बात संपला की. डबा तुमच्याकडेच राहिलाय ना! आणि हे बघा, रिकामा नाही हं घेणार.”

दार बंद झालं. बस वळून दिसेनाशी झाली तरी तो तिथेच उभा होता. एका हातात डबा, दुसऱ्या हातात टोपी. ती परत डोक्यावर घालायची राहूनच गेली होती.