रिकामी खाच

१९९८चा मार्च. दुपारच्या एसटीनं बीडहून नेकनूरला उतरलो, तेव्हा पिशवीत फ्लॉपींचा डबा आणि एक पेचकस, एवढंच होतं. गंगासागरबाई इथल्या शाळेत शिकवतात. त्यांनी घरी आणलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर मला आवाज साठवायचं सॉफ्टवेअर टाकायचं होतं. त्यांची आई, बायडाबाई, दिवाळीत गेली. तिच्या जात्यावरच्या ओव्या एका कॅसेटवर उरल्या होत्या, आणि फीत इतकी झिजली होती, की फार तर एकदा वाजली असती.

"तेवढ्या एका खेपंत धरायचंय, दादा," बाई म्हणाल्या.

हे सॉफ्टवेअर आत शिरण्याआधी लागणाऱ्या वस्तू तपासतं. पडद्यावर ओळी उमटत गेल्या. मेमरी: आहे. डिस्कवर जागा: आहे. साउंड कार्ड: नाही.

तिथंच थांबलं.

बाजूचं झाकण काढलं. कार्डाची खाच रिकामी, धुळीनं भरलेली. चूक माझीच, निघण्याआधी विचारायला हवं होतं. "औरंगाबादहून मागवू. आठ दिवस लागतील."

"कावून थांबलं?" दारातल्या बाजेवरून बाईंचे वडील, मन्मथप्पा, बोलले.

"आत एक भाग नाही, आप्पा."

"आन् तसंच रिकामं फिरवलं? जातं असं फिरवलं असतं, तर आमच्या बायडीनं लाटणं घातलं असतं डोक्यात. आदी घास, मग फेरा."

ते उठले. कणगीतून मूठभर बाजरी आणून कॉम्प्युटरच्या माथ्यावर ठेवली.

"आत सांडू नका म्हणजे झालं," मी हसलो. म्हाताऱ्याचं मन राखायला पुन्हा तपासणी लावली.

साउंड कार्ड: आहे.

पुन्हा लावली. आहे.

वाकून पाहिलं. खाच रिकामीच होती.

सॉफ्टवेअर मात्र बिनतक्रार बसलं. टेपची वायर माझ्या हातात, ती खोचायला जागा नव्हती. पण बाईंना धीर निघाला नाही, त्यांनी टेपचं बटण दाबलं. फीत चिरकली आणि तुटली.

"गेली माय," त्या एवढंच म्हणाल्या.

मग घरघर ऐकू आली. पंखा असेल, म्हणून मी कॉम्प्युटरवर तळहात टेकवला. घरघर गोल फिरत होती. जड, संथ. मध्येच किंचित थांबत होती, हात बदलावा तशी.

त्या यंत्राला स्पीकर नव्हता.

रित्या जात्याच्या मुखी लेकी, घाल मूठभर घास,
पिठाच्या गं मागं मागं माझा घरात वास.

"मायचाच आवाज... पन ही ओवी कॅसेटवर न्हवती," बाई पुटपुटल्या.

पडद्यावर फाइल आपोआप वाढत होती. मन्मथप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. आम्ही तिघंही देवळात बसावं तसे बसलो होतो.

आवाज निवला.

माथ्यावरची बाजरी नव्हती.

"बारीक पडलंय का बगा," आप्पा हळूच म्हणाले.

मी रिकाम्या खाचेत दोन बोटं घातली.

पीठ. अजून कोमट होतं.