कर्ज चाचींच्या नावावर

घर पाहावं बांधून, म्हणतात. आम्ही तर दुसऱ्याच्या कर्जातलं घेतलं. नेरूळचा तो फ्लॅट परवडला तोच एका अटीवर. फ्लॅटच्या मालकीण नूरजहाँ चाचींच्या गृहकर्जाची चार वर्षं उरली होती. ते त्यांच्याच नावावर चालू ठेवायचं, हप्ते आम्ही भरायचे, आणि कर्ज फिटलं की त्यांनी रजिस्ट्रारसमोर सही करून घर माझ्या नावावर करायचं.

"तोवर म्हातारी ठणठणीत पायजे," वकील म्हणाला. "साहेब विचारतात, घर ओळखता का, राजीखुशीने देता का. अडखळली की व्यवहार लटकला."

चाचींनी उर्दू शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं होतं. त्या तुमच्यापेक्षा शुद्धीवर आहेत, असं मी त्याला सुनावलं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मायक्रोस्कोपखाली दिसत नाही ते हिला कुठेच दिसत नाही, असं निशांत, माझा नवरा, चिडवतो.

चाची खांदेश्वरला लेकीकडे राहायला गेल्या. हप्ता भरला की फोन करायचा, असा त्यांनी शिरस्ता घालून दिला. पैशांचं बोलणं अर्ध्या मिनिटात संपे, मग त्या घरातलं काहीबाही सांगत. बाल्कनीचा गज धरून त्यांची लेक मुस्कान पहिल्यांदा उभी राहिली ते. खीर आटवताना स्वयंपाकघराच्या काचेवर वाफ धरायची आणि त्यांचे मिस्टर तिच्यावर बोटाने फुलं काढायचे ते. नुसतं ऐकून घेणं बरं दिसेना, म्हणून मीही आमच्या वेंगुर्ल्याचं सांगू लागले. निशांत सांगतो त्यावरून, विहिरीचा रहाट, अंगणात आईने वाळत घातलेली आमसुलं, बाबा मला 'चिमणे' म्हणून हाक मारायचे ते. सांगितलं की फार हलकं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी एकदा दूध तापवताना मला ती काचेवरची फुलं आठवली. खिरीचा वास आठवला, आणि त्या बोटावरचा निळ्या शाईचा डागही. शाईचं चाचींनी कधीच सांगितलं नव्हतं. मी त्यांना फोन लावला.

"कसली फुलं, बेटा?" त्या म्हणाल्या.

वय झालं, असं मी स्वतःला समजावलं, पण धास्तावले. त्यांचं डोकं चालतं राहावं म्हणून आठवड्यातून दोनदा फोन करू लागले. त्यांच्याकडे सांगण्यासारखं कमी होत गेलं, तशी मीच जास्त बोलायचे.

कर्ज फिटलं आणि सहीच्या दिवशी रजिस्ट्रार ऑफिसच्या बाकावर बसून मी त्यांच्याकडून घोकून घेत होते. तिसरा मजला, दोन खोल्या, पूर्वेची बाल्कनी. त्या एकेक म्हणून दाखवत होत्या. आमची सगळी पुंजी त्या घरात होती.

"आता माजं ऐक," चाची म्हणाल्या. "आमच्या घरी विहीर. रहाट काय कुरकुरायचा. आमसुलं वाळत असली की मी हळूच एक तोंडात टाकायची. बाबा माडाखालून हाक मारायचे, चिमणे."

"छान आहे हो तुमचं घर," मी म्हटलं. "कुठलं गाव?"

शेजारी बसलेल्या निशांतने माझा दंड धरला.

"ईश्वरी, अगं, ते तुझं घर आहे."

तेवढ्यात आमचा नंबर पुकारला.

चाची अडखळल्या नाहीत. घर ओळखते, राजीखुशीने देते, म्हणाल्या. सही केली, अंगठा टेकवला.

घर माझं झालं. मी इथे सुखात आहे, अगदी खरं. मुस्कान गज धरून उभी राहिली तो दिवस आठवला की अजून डोळे भरतात.

महिन्यापूर्वी वेंगुर्ल्याहून एका वयस्कर बाईंचा फोन आला. माझं नाव घेत होत्या. आपण कोण, असं मी नीट, आदराने विचारलं, तर रडायलाच लागल्या. निशांतने फोन माझ्या हातातून घेतला आणि आत जाऊन बराच वेळ बोलत बसला.

आता त्या इकडे फोन करत नाहीत. रोज संध्याकाळी खांदेश्वरला करतात. चाची त्यांना आई म्हणतात, असं मुस्कान सांगत होती.