हातावरची नोंद

कार्डाच्या बाबतीत शिवकन्या सिस्टर भलती कडक. वालूरच्या उपकेंद्रात कुणाला औषधाची रिॲक्शन आली की ती लाल शाईत कार्ड लिहायची, वाचून दाखवायची, पेशंटकडून तीनदा वदवून घ्यायची आणि वर दम भरायची, "हरवलं तर बघा!" पण लोक कसले ऐकतात! कार्डं धुण्यात जायची, चुलीत जायची.

आणि गंमत अशी, की तिचं स्वतःचंच कार्ड कोरं होतं. लेकीच्या, सृष्टीच्या वेळच्या बाळंतपणात कुठल्याशा इंजेक्शननं तिचा श्वास अडकला होता. कुठल्या, ते कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. आता पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन आठ दिवसांवर आलेलं. भूल देणारे डॉक्टर विचारत होते, "सिस्टर, तुम्हालाच माहीत नाही?" तिला लाज वाटायची, आणि भीतीही.

त्यातच कस्तुराबाईचं प्रकरण घडलं. दोन कार्डं हरवल्यावर तिनं तिसरं सरळ बाजारात नेऊन हातावर गोंदवून घेतलं. ‘सल्फा चालत नाही.’

"मावशी, सुई तरी नवी होती का?" शिवकन्या आधी चिडली, मग हसत सुटली.

मग धुरपताबाई आली. मनगटाच्या वर ताजं, हिरवं ‘पेनिसिलिन’. तिला तर कार्ड कधी दिलंच नव्हतं.

"कुणी सांगितलं तुमाला हे?"

"गोंदणाऱ्या म्हातारीनं. हात चाचपला अन् म्हणली, हे तुला सोसायचं न्हाई."

"वाचता येतं का तिला?"

"कुठलं! अंगठा उठवती ती."

डॉक्टरांना विचारून शिवकन्येनं कातडीखाली थेंबभर टोचून पाहिलं. दहा मिनिटांत बोराएवढी गांधी उठली. पुढं आणखी दोघी आल्या, हातावर दोन निराळ्या औषधांची नावं गोंदवून. जुने केसपेपर काढले तर दोन्ही खरी. फॉर्मवर ‘माहिती कोणी दिली’ या रकान्यात काय लिहावं, हे काही तिला सुचेना. पण डोक्यातून ती म्हातारी जाईना.

बाजाराच्या दिवशी ती गेलीच.

म्हातारीनं काही विचारलं नाही. बाही कोपराच्या वर सारली. बोटं मनगटापर्यंत आली, परत वर गेली. मग दुसरा हात घेतला.

सुई तिनं उचललीच नाही.

"कायबी न्हाई, बाई."

शिवकन्येचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे मला सगळी औषधं चालतेत?"

म्हातारीनं तिचा हात तसाच धरून ठेवला.

"बोला की, आजी."

"ज्याला पुढं औषध घ्यायचं हाय, त्याच्याच हातावर कळतंय."

तिनं शिवकन्येची बाही हलकेच खाली ओढून सारखी केली, आणि मागच्या बाईला पुढं सरकायला सांगितलं.