पाण्याला शिवू नका

कुंभारखोरे जलाशयाचं पाणी सकाळी साडेसातला खुलं होत असे. म्हणजे पहारेकरी काठावर उकिडवा बसून काचेची एक पट्टी पाण्याला टेकवी, हळूच वर उचली, आणि तिला चिकटून आलेलं पाणी तिला किती जोरानं खाली खेचतंय ते काट्यावर बघे. काटा सत्तरच्या वर गेला की हिरवा झेंडा लागे. मग बिरोबाच्या माळावरची धनगर माणसं पायांत पाणपावलं चढवून, पाठीवर दुधाचे कॅन घेऊन, पलीकडच्या बाजारगावाकडे पाण्यावरून चालू लागत. बघणाऱ्याला पहिल्या दिवशी अंगावर काटा यायचा. चौथ्या दिवशी तोच माणूस घड्याळात बघून ‘आज दूधवाल्याला उशीर झाला’ म्हणायचा.

धरणाची उंची वाढवली तेव्हा माळ तीन बाजूंनी पाण्यात गेला होता. रस्त्यानं बाजारगाव अडतीस किलोमीटर, पाण्यावरून दीड. होडी चालवायची तर वरच्या अंगाला पाणी गुडघाभर आणि खाली बुडालेल्या रानाचे बुंधे. पूल बांधायला बावीस घरांसाठी कोण पैसे देतो? तेव्हा डॉ. उत्पला तांबे नावाच्या बाईंनी पाणपावलं आणली, आणि सरकारला पूल न बांधल्याचं पुण्यही मिळालं.

उत्पलानं हे सगळं माळावरच्या लोकांना पहिल्याच सभेत समजावून सांगितलं होतं. बिरोबाच्या देवळापुढं घोंगड्या अंथरलेल्या, आणि सगळ्यात पुढं ठकूबाई कोकरे बसलेली. वय साठीच्या पुढं, माळावरच्या बायांची न निवडलेली पुढारीण. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, की मुंगीएवढा किडा पाण्यावर पळतो तो हलका म्हणून पळतो, आम्ही गडी-बाया त्याच्यासारख्या कशा पळणार?

उत्पलाला प्रश्न आवडला. तिनं सांगितलं, की तो किडा नुसता हलका म्हणून तरंगत नाही. पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात. मधल्या कणाला चहूबाजूंनी शेजारी. पण अगदी वरच्या कणाला डोक्यावर शेजारीच नाही. म्हणून तो आजूबाजूच्यांना जास्तच घट्ट धरून राहतो, आणि पाण्याच्या अंगावर ताणलेल्या पातळ कातड्यासारखं काहीतरी तयार होतं. किड्याच्या पायांवर हजारो बारीक केस असतात, मेणचट, पाण्यानं न भिजणारे. त्या केसांखाली पाण्याला खळगा पडतो, पण कातडं फाटत नाही. आणि खरी गोम अशी, की हे कातडं किती वजन पेलेल ते पायाच्या रुंदीवर नाही, तर पाण्याला टेकलेल्या कडेच्या लांबीवर ठरतं. किड्याला बोटभर कड पुरते. माणसाला काही किलोमीटर लागते.

“येवढी कड पायात कशी घालायची?” ठकूबाईनं विचारलं.

उत्पलानं पाणपाऊल तिच्या हातात दिलं. मोठ्या परातीएवढं, आणि खालून केसाळ. मेणाचा हात दिलेला, डोळ्यांना जेमतेम दिसणारा धागा त्यात थरावर थर बसवलेला. एका पावलात नऊ किलोमीटर. ठकूबाईनं ते उलटंपालटं केलं, त्यावरून हात फिरवला आणि मेंढराच्या पाठीसारखं लागतंय असा शेरा दिला. सभा तिथंच जिंकली गेली.

अडचण शेवटी आली. साबणाचे कण पाण्याच्या कातड्यात घुसतात, कणाकणांची धरलेली मनगटं सोडवतात, आणि कातडं ढिलं पडतं. म्हणून काठावर साबण बंद, असं उत्पलानं सांगितलं. बाया कुजबुजू लागल्या. मग कपडे धुवायचे कशानं? ऊन कलायला लागलं होतं, परतीची जीप हॉर्न देत होती, पाटबंधारे खात्याचे निरगुडेसाहेब घड्याळ बघत होते. तेव्हा उत्पला हसून म्हणाली, “आमच्या घरात आजीपर्यंत सगळे रिठ्यानंच धुवायचे. तुम्हीही रिठा वापरा.”

रिठ्याला फेस येतो, आणि फेस येतो याचा अर्थ तोही साबणाचंच काम करतो, हे काय तिला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण तिनं मनातल्या मनात अंदाज बांधला: एक घर, चार कपडे, मूठभर रिठे, एवढ्या पाण्यात ते कुठल्या कुठे विरून जाईल. तो अंदाज चुकीचा नव्हता. तो एका घराचा होता, एवढंच.

सहा वर्षं सुरळीत गेली. माळाचं दूध रोज बाजारात जाऊ लागलं, बाळंतिणी दवाखान्यात पोचू लागल्या. उत्पलाला पुरस्कार मिळाले, तिचे फोटो छापून आले. दर फोटोत ती पाण्यावर उभी असे, आणि तिला स्वतःचं थोडं कौतुकही वाटे, ते का नाकारा.

माळावरची एक रीत तिला कधी कळली नव्हती, कारण तिनं कधी विचारली नव्हती. तिथली माणसं घोंगडं वर्षातून एकदाच धुतात, आणि सगळी घरं एकाच दिवशी, बिरोबाच्या जत्रेच्या आदल्या सकाळी. एरवी हे काम वरच्या ओढ्यावर व्हायचं. त्या वर्षी ओढा आटला होता. साबण तर बंद. म्हणून बायांनी दोन पोती रिठे रात्रभर भिजत घातले आणि पहाटेच देवळाखालच्या आडोशाच्या खाडीत शंभरावर घोंगडी बडवायला घेतली. साडेसातला पहारेकऱ्यानं समोरच्या काठावर पट्टी टेकवली. तिथं काटा बहात्तर दाखवत होता. झेंडा हिरवा लागला.

ठकूबाईचा पुतण्या भिवा दुधाचे दोन कॅन घेऊन खाडीतून निघाला. वीस-पंचवीस पावलं गेला असेल, खाली दोन पुरुष पाणी. मग पाण्यानं त्याला धरलंच नाही. पाणपावलांच्या केसांत पाणी शिरलं, ती जड झाली, आणि घोट्याचे पट्टे त्याला सुटेनात. ठकूबाईच्या हातात भिजलेलं घोंगडं होतं. तिनं ते त्याच्याकडे फेकलं, पण ते पोचलं नाही.

चौकशीच्या दिवशी उत्पला अर्धा तास आधी पोचली. खाडीतल्या पाण्याचे आकडे तिनं स्वतः काढले होते. कारण तिच्या हातातल्या कागदावर होतं. देवळाच्या पायरीवर ठकूबाई बसली होती. उत्पलाला बघून ती उठली, पदर सावरला आणि जवळ आली.

“बाई, येक विचारू का? समद्या बाया म्हनत्यात, तुमीच रिठा वापरा म्हनला व्हता. मला बी तसंच आठवतंय. पन म्या म्हातारी, माझ्या कानावर माझा भरवसा न्हाई. तुमी म्हनला व्हता का?”

उत्पलाला आयुष्यात एवढा सोपा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ‘हो’ म्हटलं असतं तरी कुणी तिला फासावर देणार नव्हतं. चौकशी झाली असती, नाव वर्तमानपत्रात आलं असतं, दोन नव्या धरणांवरचं काम गेलं असतं. आणि या बाईला रात्री झोप लागली असती. हे सगळं तिच्या डोक्यात नीट, ओळीनं उभं राहिलं. तरी तोंडातून आलं ते वेगळंच.

“थोडासाच वापरा म्हणाले होते, मावशी.”

ठकूबाई तिच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात संशय असता तर बरं झालं असतं. ती आठवून बघत होती, खरंच आठवून बघत होती.

“थोडासा,” ती म्हणाली. “मग माजंच चुकलं. पोती म्याच उतरवून घेतली व्हती.”

चौकशीत तिनं तेच सांगितलं, आणि न अडखळता सांगितलं. बाईंनी थोडासा म्हटलं होतं, आम्ही जास्त घातला. इतर बायांपैकी एक-दोघींनी मान वर केली, पण ठकूबाईनं त्यांच्याकडे वळून बघितलं आणि त्या गप्प बसल्या. निरगुडेसाहेबांनी ‘स्थानिकांचा अजाणतेपणा’ असे शब्द लिहून घेतले. उत्पलानं खाली सही केली. तिला लाज वाटली, भयंकर वाटली. पण लाज वाटते म्हणून सही थांबत नाही, हेही तिला त्या दिवशी कळलं.

मग उपाय सुचवायची पाळी तिचीच आली. तिनं शास्त्राला धरून लिहिलं. नुसता साबणच नव्हे, माणसाच्या हातापायांवरचं तेल, केसांचं, मेंढरांच्या लोकरीचं, चुलीच्या भांड्यांचं ओशट, सगळंच पाण्याचं कातडं कमी-जास्त ढिलं करतं. म्हणून माळाच्या बाजूचा काठ ‘स्पर्शमुक्त’ ठेवावा. म्हणजे तिथल्या लोकांनी पाणपावलांखेरीज कशानंही पाण्याला शिवू नये. दोन महिन्यांत कुंपण झालं, कुंपणाच्या अलीकडे पिवळा पट्टा आखला गेला, आणि पाटी लागली: पाण्याला शिवू नका. काठावरच्या ओट्यावर पहारेकरी बसला. माळावरच्यांनी भांडी पट्ट्याच्या बाहेर मांडायची, त्यानं वरूनच पाणी सोडायचं. कारण भांड्याचं ओशट नळीला लागलं तर ते जलाशयात परत जाणार. एका बाजूनं बघितलं तर यात काही चूक काढता येत नव्हती. पाणी रोज सत्तरच्या वर राहू लागलं. बाजारगावच्या बाजूला पर्यटक आले, आणि हौशी लोक सुट्टीच्या दिवशी पाण्यावर फेरफटका मारू लागले. त्यांच्यासाठी धुतलेली पाणपावलं भाड्यानं मिळत. त्यांच्या हातांची तपासणी होत नसे.

चैत्रात उत्पला पाहणीसाठी आली. दुपारचं कडक ऊन होतं आणि पहारेकरी जेवायला गेला होता. पट्ट्याच्या पलीकडे ठकूबाई उभी, मागं तहानलेली मेंढरं. दहा पावलांवर जलाशय काठोकाठ भरलेला. कुंपणाचं दार उघडंच होतं. ती आत आली नव्हती.

“कधीपासून उभ्या आहात, मावशी?”

“झाला असंल तासभर. यील तो जेवून. मेंढरं थांबत्याली,” ठकूबाई म्हणाली. मग जरा ओशाळून तिनं ओट्यावरच्या तांब्याकडे बोट केलं. “घसा लई सुकलाय. तुमी वाढता का थोडं?”

उत्पलानं तांब्या भरला. ठकूबाई पट्ट्याच्या कडेला खाली बसली, मान वाकवली आणि हाताची ओंजळ तोंडाशी धरली. उत्पला पाणी ओतू लागली. धार ओंजळीत पडू लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण तांब्या वीतभर वर धरलाय. तांब्याचा काठ त्या हातांना लागू नये इतका वर. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तिच्या आजीचे आजोबा गावच्या आडापासून लांब उभे राहून कुणाला दया येईल याची वाट बघत, आणि मग असेच खाली बसून, असंच ओंजळीनं पाणी पीत. आजी ते सांगायची तेव्हा छोटी उत्पला चिडून विचारायची, वरून ओतणारी माणसं होती तरी कोण? आजी म्हणायची, चारचौघांसारखीच होती, कुणी कुणी तर चांगली होती गं. घरातल्या प्रत्येक पोराला शिकवलं ते पुन्हा कुणाच्या पाण्यापाशी असं बसायला लागू नये म्हणून. उत्पला पाण्याचंच शास्त्र शिकली, तेव्हा आजीनं पेढे वाटले होते.

तिनं तांब्या खाली आणायचा प्रयत्न केला. हात तसाच राहिला. ओशट लागेल, काटा खाली येईल, कुणीतरी बुडेल. कारण खरं होतं, आणि तेच वाईट होतं. ज्यांनी आजीच्या आजोबांना लांब ठेवलं त्यांच्याजवळ निदान खरं कारण तरी नव्हतं.

ठकूबाई पोटभर प्यायली. पदरानं तोंड पुसलं, गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि उत्पलाचा चेहरा बघून तिला वाटलं, की आपल्या हातून काही चुकलं. ती घाईनं, समजुतीच्या सुरात म्हणाली,

“तांब्याला हात न्हाई लागला हं, बाई. म्या लांबच धरला व्हता.”

मेंढरांची भांडी रिकामी होती. उत्पलानं नळी उचलली, आणि ती वर धरून पाणी सोडलं.