शाफ्ट जोडला त्या दुपारी

घडलं ते असं घडलं. ज्याच्याबरोबर घडलं तो शिवतेज फौजेत ट्रक चालवून आलेला गडी. भित्रा म्हणावा असा नव्हेच.

आणि रात्रही नव्हती. गेल्या उन्हाळ्यातली टळटळीत दुपार. कवठे महांकाळजवळची त्याची वस्ती.

लोणंदहून त्यानं एक जुनी अँबेसिडर आणली होती. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा लांब शाफ्ट पार खिळखिळा झालेला. तो कराडला नव्यासारखा करून आणला आणि घरच्याच पत्र्याच्या शेडात जोडायला घेतला.

मागचं एक चाक उचलून ठोकळ्यावर ठेवलं. शिवतेज पाठीवर सरकत खाली गेला.

शाफ्ट जागेवर बसला. राहिले मागचे चार बोल्ट. एक आवळला की चाक थोडं फिरवायचं, म्हणजे पुढचा हाताशी येतो.

तो खाली गेला तेव्हा त्याची बायको रेश्मा शेडाच्या दारात शेंगा फोडत बसली होती.

"रेश्मा, चाक फिरव गं वाईच."

चाक फिरलं.

पहिला बोल्ट आवळला.

"आजून."

फिरलं. बरोबर हवं तेवढंच.

दुसरा आवळला. तिसऱ्यासाठी त्यानं हाक मारलीच नाही...

तरी चाक फिरलं.

शिवतेजचा पाना थांबला.

रेश्माची टकळी कधी बंद पडत नाही. आज एक शब्द नाही. बांगडीचाही आवाज नाही...

त्यानं मान वळवली. चाकाखालून पलीकडची जमीन दिसत होती.

तिथं पाय नव्हते...

चाक मात्र फिरत होतं. सावकाश.

"कोन हाय?"

चाक थांबलं.

मग उलटं फिरलं. जोरात. अंगावरचा शाफ्ट गरगरला, शर्टाची बाही त्यात गुंडाळली, हात वर ओढला जाऊ लागला. शिवतेजनं होता नव्हता तेवढा जोर लावून हिसका मारला. बाही टरकन फाटली, कोपर सोलून निघालं.

कसाबसा तो बाहेर आला. शेडात कुणी नव्हतं.

फाटकातून रेश्मा येत होती. डोक्यावर पिठाचा डबा.

"आवं, रगत कशाचं?"

"कुटं गेलतीस?"

"गिरनीला. तुमाला इचारूनच गेले की. गाडीखालनं तुमीच म्हनला, जा म्हनून."

शिवतेज काहीच बोलला नव्हता.

"माझाच आवाज हुता?"

रेश्मा थबकली. "तुमचाच की... जरा बसल्यावानी."

दुसऱ्या दिवशी राहिलेलं काम पुरं करायला केरबा मिस्त्रीला बोलावलं. तो खाली डोकावून म्हणाला, "मला कशाला बोलावलंस गड्या? चारी बोल्ट घट्ट हायत की."

शिवतेजनं दोनच आवळले होते.

गाडी सुरेख चालली. पण रेश्मा तिच्यात बसेना. शेवटी विकायची ठरवली. गेल्या महिन्यात सांगलीहून कुणाल नावाचा एक पोरगेला इंजिनिअर बायकोला घेऊन आला. दोघांना गाडी लय आवडली. कुणालनं रुमाल अंथरला आणि खालून बघायला आडवा झाला.

शिवतेजनं धावत जाऊन त्याला कॉलरला धरून बाहेर ओढलं.

"काय झालं, काका?"

"गाडी विकायची न्हाई. जावा तुमी."

ती दोघं फणफणत निघून गेली. रेश्मानं विचारलं, "आवं, असं का केलंसा?"

"त्यो आडवा झाला तवा गाडीखालनं माझाच आवाज आला. जरा बसल्यावानी."

तो आवाज काय म्हणाला, ते शिवतेजनं अजून कुणालाच सांगितलेलं नाही.